बूम लिफ्टच्या बास्केटमध्ये चढण्याआधी

पावसाळा सरला की गोव्यात रंगकामाची घाई सुरू होते. देवळाचा कळस, चर्चचा दर्शनी भाग, गोदामांचे पत्रे, सगळीकडे भाड्याच्या बूम लिफ्ट दिसतात, म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या (बूमच्या) टोकाला माणसाला उभं राहायला बास्केट असलेली चाकांची मशीनं. बास्केटला कठडा आहे, मग बेल्ट कशाला, असं अनेक कामगार म्हणतात. ही समजूत जीव घेते. खालचं एक चाक खड्ड्यात उतरलं तरी लांबवलेल्या बूमच्या टोकाला जबर हिसका बसतो आणि माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांद्यां-मांड्यांभोवती बांधायचे पट्टे घाला, त्याची दोरी आखूड ठेवा आणि हूक बास्केटमधल्या ठरवून दिलेल्या कडीतच अडकवा. शेजारच्या खांबाला तर मुळीच नको. बास्केट सरकली की तीच दोरी तुम्हाला बाहेर ओढेल. कठड्यावर पाय देऊन चढूही नका.

मशीन लावण्याआधी जागा पायी फिरून बघा. लाल माती वरून सुकलेली दिसते, आत ओल असते. गटाराचं झाकण किंवा नुकतीच बुजवलेली पाइपलाइनची चर यांवर चाक नकोच.

माडा-आंब्यांच्या आड विजेच्या तारा दडलेल्या असतात. त्यांना स्पर्श न होताही वीज झेप घेते. किमान ३ मीटर अंतर ठेवा, उच्च दाबाला त्याहून जास्त. जमत नसेल तर वीज खात्याकडून लाइन बंद करून घ्या. वाऱ्याची मर्यादा मशीनवरच्या पाटीवर असते.

आणि खाली उभ्या असलेल्या एकाला तरी जमिनीवर उभं राहूनच मशीन चालवून बास्केट खाली आणता आली पाहिजे. काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून ते एकदा करून घ्या.