लग्नातल्या लाकडी पाट्या: फळी कशी निवडायची, अक्षर कसं लिहायचं

जुन्या फळीवर हाताने रंगवलेली पाटी पाहुण्यांचं स्वागत जितक्या आपुलकीने करते, तितकं छापील बॅनरला जमत नाही. मात्र या पाटीचा रांगडेपणा लाकडात राहू द्यावा. फळीला गाठी असोत, कडा तुटक्या असोत, रंग विरलेला असो, सगळं शोभतं. अक्षर मात्र चालता चालता वाचता यायलाच हवं. पाटी फसते ती बहुतेक वेळा लिखाणात, म्हणून निम्मा वेळ लिखाणासाठीच राखून ठेवा.

किती पाट्या लागतील

लाकूड आणण्याआधी लग्नाच्या जागी जाऊन गाडी लावायच्या ठिकाणापासून मांडवापर्यंत एकदा चाला. जिथे पाऊल अडखळतं, तिथे पाटी हवी. साधारणपणे प्रवेशाशी एक स्वागताची पाटी, प्रत्येक वळणावर एक बाण, कार्यक्रमाच्या वेळांची एक, टेबलं ठरवून दिली असतील तर नावांचा तक्ता आणि टेबलांचे आकडे, आणि स्वच्छतागृहाची पाटी. शेवटची हमखास विसरली जाते आणि तिचीच सगळ्यात जास्त विचारणा होते. प्रेमाच्या ओळी लिहिलेल्या शोभेच्या पाट्या एक-दोन पुरेत. त्या जास्त झाल्या की कामाच्या पाट्या त्यांच्यात हरवतात.

बाणाची पाटी वळणाच्या चार-पाच पावलं अलीकडे लावायची असते. वळणावरच लावली तर माणूस पुढे निघून गेल्यावर ती दिसते.

लाकूड

पाइनसारखं हलकं लाकूड या कामाला उत्तम. ते सहज कापता येतं, रंग पितं आणि उचलायला सोपं जातं. ६० × ९० सेंमीची, १८ मिमी जाडीची पाइनची पाटी साधारण ५ किलो भरते. जड, कठीण लाकडात हेच वजन दीडपट होतं आणि स्टँड डगमगायला लागतो.

पॅलेटच्या (माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का आधी वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. शिक्का नसेल किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असतील तर ती फळी बाजूला ठेवा. खिळे नीट उपसून काढा. आत तुटून राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खराब करतो, आणि हाताला लागला तर वेगळंच संकट.

फळी हाताला गार आणि जड लागली तर ती ओली आहे. ओल्या फळीची पाटी आज सरळ दिसते, पण पंधरा दिवसांत तिला बाक येतो. फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या ठेवून, खालून-वरून हवा खेळेल अशा रचून सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा. उन्हात वाळवू नका, टोकांना चिरा पडतात.

मोठी पाटी जोडताना

६० × ९० च्या उभ्या पाटीसाठी १५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी लांब अशा ६ फळ्या आडव्या मांडा. मागून ४ सेंमी रुंद, ८० सेंमी लांब अशा दोन उभ्या पट्ट्या, कडेपासून १० सेंमी आत. फळ्या आणि पट्ट्या दोन्ही १८ मिमीच्या असतील तर ३० मिमीचे स्क्रू घ्या. ३५ चे घेतले की डोकं थोडं आत रुतताच टोक पुढून बाहेर येतं. प्रत्येक फळी प्रत्येक पट्टीला दोन स्क्रूंनी धरायची, म्हणजे एकूण २४ स्क्रू. ४ मिमीच्या स्क्रूसाठी आधी अडीच मिमीचं भोक पाडा, नाहीतर फळीच्या टोकाशी लाकूड फाटतं.

दोन फळ्यांत नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवा आणि पट्ट्यांना गोंद लावू नका. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं. त्याला हलायला जागा नसेल तर मधली एखादी फळी तडकते.

घासायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. पुढून एवढंच पुरे. खूप गुळगुळीत केलं तर स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) नीट मुरत नाही आणि जुनेपणही जातं. घासायचं नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलेलं तेव्हा दिसत नाही, स्टेन चढला की प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. कडा मात्र मायेने घासा, लहान मुलांचे हात तिथेच लागतात.

जुना रंग आणायचा कसा

तयार स्टेन फडक्याने लावून पाच-दहा मिनिटांनी पुसून घेणं ही सोपी वाट. पुसलं नाही तर वर चिकट थर राहतो. स्टेन तेलाचा असेल तर ती फडकी चुरगळून टाकू नका. जवस तेल असलेली फडकी गोळा करून ठेवली की आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खरा राखाडी जुनेपणा हवा असेल तर लोखंड आणि व्हिनेगर वापरा. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मूठभर बारीक स्टील वूल (लोखंडाच्या केसाएवढ्या तारांचा पुंजका), साबणाच्या पाण्याने तेल धुऊन, टाका. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी इथे चालत नाही, ती विरघळतच नाही. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. एक-दोन दिवसांनी फडक्यातून गाळा.

लोखंडाशी मिळून रंग देतं ते टॅनिन, लाकडातला आणि चहातला तुरट घटक. पाइनमध्ये ते कमी असतं, म्हणून आधी फळीला कडक काळ्या चहाचा हात द्यायचा: एक कप उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे चहापत्ती, अर्धा तास झाकून. चहा वाळला की गाळून ठेवलेलं लोखंडाचं व्हिनेगर ब्रशने लावा. लावताना ते जवळपास रंगहीन दिसतं आणि काहीच झालं नाही असं वाटतं. मग काही मिनिटांत फळी करडी व्हायला लागते, गाठींभोवती तपकिरी छटा येते, आणि पुढचे काही तास रंग गडद होत राहतो. घाईने दुसरा हात दिलात तर सकाळी फळी काळी झालेली सापडेल. आधी पाठीमागे चाचणी घ्या. पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर २२० च्या कागदाने हलकेच बसवा.

पांढुरका रंग हवा असेल तर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग आणि पाणी समप्रमाणात घेऊन ब्रशने लावा आणि लगेच पुसा. पाइनच्या गाठीतून राळ झिरपते आणि पांढऱ्यावर पिवळे डाग उमटतात. आधी गाठींवर शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले की ते थांबतं.

अक्षर

साधा हिशेब असा: ३ मीटरवरून आरामात वाचायला अक्षराची उंची किमान अडीच सेंमी हवी. ६ मीटरसाठी ५, १० मीटरसाठी ८ ते ९. ही उंची शिरोरेघेपासून खालपर्यंतची, म्हणजे नुसत्या ‘क’ची. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार लागतात, त्यांची जागा वेगळी. म्हणून १५ सेंमीच्या फळीवर ६ सेंमीचं अक्षर बसतं: वर साडेचार, खाली साडेचार. इंग्रजी पाट्यांचे नमुने बघून फळीभर अक्षर आखलं की वेलांटी कापली जाते. दोन ओळींत अंतर ठेवतानाही हेच. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकता कामा नये.

प्रत्येक शब्द स्वतंत्र मोजा. ‘पार्किंग’ला खाली काही नाही, पण वर एकाच जागी वेलांटीची कमान, रफार आणि अनुस्वार तिघं दाटीवाटीने बसतात. जाड ब्रशने तिथे नुसता ठिपका होतो. त्या अक्षरापुरती वर थोडी जास्त जागा सोडा आणि ते बारीक ब्रशने करा. ‘स्वच्छतागृह’ लांब आहे, त्यात जोडाक्षरं आहेत आणि खाली ऋकारही. फळी लहान असेल तर ‘शौचालय’ लिहा.

लिखाणाचा क्रम असा ठेवा:

१. मजकूर संगणकावर मांडून खऱ्या मापात ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापा आणि चिकटवा. दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. ‘आशीर्वाद’मधली दीर्घ वेलांटी, नावांतले ऱ्हस्व-दीर्घ, तारीख सगळं इथेच तपासा, रंगवल्यावर दुरुस्ती म्हणजे परत घासकाम.

२. जिथे अक्षर येणार तिथे पारदर्शक पाण्याच्या वार्निशचा एक पातळ हात द्या. कोऱ्या लाकडात रंग रेषांतून पसरतो आणि कडा फुटतात.

३. कागदाच्या मागे ४बी पेन्सिलने गिरवा, गडद फळी असेल तर खडू घासा. कागद मास्किंग टेपने पक्का करून बॉलपेनने बाह्यरेषा काढा. मधेच कागद पूर्ण उचलू नका, परत त्याच जागी तो बसत नाही.

४. शिरोरेघ सगळ्यात आधी. १ सेंमीचा चपटा ब्रश, रंग दुधाच्या सायीइतका दाट, हात फळीवर टेकवून खांद्यातून ओढा. बोटांनी ओढलेली रेघ लाटेसारखी होते. एक अख्खा शब्द एका दमात ओढता आला नाही तर जिथे थांबाल तिथे अक्षराचा काना येईल असं बघा, सांधा त्यात लपतो. मग काने, मग गोलाई, शेवटी मात्रा.

५. गडद लाकडावर पांढऱ्याचे दोन पातळ हात. एकच जाड हात ओघळतो.

सोनेरी रंगाचा मोह बहुतेकांना होतो. तपकिरी लाकडावर तो जवळून देखणा दिसतो, पण संध्याकाळच्या उजेडात आणि फोटोत अक्षरच गायब होतं. नावांच्या बाजूच्या पानाफुलांना सोनेरी वापरा, नावांना पांढरा.

हात स्थिर नसेल तर चिकट व्हिनाइलची स्टेन्सिल घ्या. पुठ्ठ्याच्या स्टेन्सिलमध्ये ‘प’, ‘व’, ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात, व्हिनाइलचे जागच्या जागी चिकटतात. स्टेन्सिल बसवल्यावर कडांवर आधी त्याच पारदर्शक वार्निशचा हात द्या आणि तो वाळल्यावर स्पंजने जवळजवळ कोरडा रंग टिपत जा. रंग खाली शिरण्याच्या फटी वार्निशने आधीच भरलेल्या असतात. व्हिनाइल किंवा प्लायवुड कापून घ्यायला फाइल देताना अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा आणि सगळे आकार एकत्र जोडा. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात, किंवा यंत्र शिरोरेघेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्याशी चीर देतं. नीट जोडलं तर शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एकसंध निघतो. सुटे राहतात ते अनुस्वार, विसर्गासारखे ठिपके, त्यांना मागून पट्टी लावा.

वरून मॅट फिनिशचं पाण्याचं वार्निश. तेलाच्या वार्निशने पांढरी अक्षरं पिवळी पडतात, चकचकीतवर फ्लॅश चमकतो. पेंट मार्करने लिहिलं असेल तर ब्रशने अक्षर पुसलं जातं. आधी स्प्रेचे दोन हलके हात द्या.

छोट्या पाट्या

टेबलांच्या आकड्यांसाठी ओंडक्याच्या २ सेंमी जाड चकत्या छान दिसतात. ताज्या लाकडाची चकती वाळताना कडेपासून गाभ्यापर्यंत हमखास चिरते, म्हणून वाळकंच लाकूड घ्या आणि गरजेपेक्षा चार-पाच जास्त कापा. चकतीचा पृष्ठभाग रंग शोषून घेतो, तिला वार्निशचे दोन हात आधी हवेत.

वेळापत्रक बदलण्याची शक्यता असेल तर शाळेतल्या फळ्याला देतात तो, खडूने लिहिता येणारा रंग लावा. तो पूर्ण वाळला की खडू आडवा धरून सगळीकडे घासा आणि पुसून टाका. हे न करता लिहिलं तर पहिलं लिखाण पुसल्यावरही खाली दिसत राहतं.

उभं करणं

बाणांच्या खांबाला ५ × ५ सेंमीचा, अडीच मीटरचा वासा घ्या आणि त्यातला अर्धा मीटर जमिनीत पुरा. फरशी असेल तर २० लिटरच्या बादलीत मधोमध उभा करून भोवती खडी ठासून भरा. प्रत्येक बाणाला दोन स्क्रू. एकाच स्क्रूवरचा बाण वाऱ्याने फिरतो आणि पाहुण्यांना भलतीकडे पाठवतो.

स्टँडवरची मोठी पाटी वाऱ्यात शिडासारखी वागते. नुसती टेकवून ठेवू नका. मागच्या पट्ट्यांना हूक लावून ती स्टँडला बांधा आणि पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. टांगायची असेल तर ८ मिमीचा तागाचा दोर, दोन वेगळ्या टोकांना. एका बिंदूवर टांगलेली पाटी गोल फिरते. भिजला की दोर आखडतो आणि वाळला की सैल पडतो, म्हणून गाठी आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी पुन्हा आवळा.

पाट्या लावायला जाताना पिशवीत स्क्रूड्रायव्हर, चार-सहा जास्तीचे स्क्रू, सुतळी, कात्री, ओलं फडकं, बारीक ब्रश आणि अक्षरांच्या रंगाची छोटी बाटली ठेवा. वाहतुकीत एखाद्या कोपऱ्याचा रंग उडतोच. पाट्यांच्या मधे जुन्या चादरी घाला आणि समोरासमोर अक्षरं येतील अशा रचू नका.