नव्या गाडीचं पहिलं ऑइल कधी बदलायचं? या चुका टाळा

वडिलांच्या गाडीला अकरा महिने झाले होते आणि ओडोमीटरवर आकडा होता ३,१८०. "दहा हजारला ऑइल बदलायचंय, अजून पुष्कळ अवकाश आहे," असं ते म्हणाले, आणि आकडा बघून मलाही ते पटलं. सहज म्हणून बोनेट उघडलं आणि ऑइल भरायचं टोपण काढलं. आतल्या बाजूला पिवळसर-पांढरा, बोटाला चिकटणारा फेसाळ थर जमला होता. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही थोडं वर चढलेलं, आणि नाकाजवळ नेल्यावर पेट्रोलचा स्पष्ट वास. गाडीत बिघाड काहीच नव्हता. रोज दोन-तीनदा दोन किलोमीटर जायचं, इंजिन नीट तापायच्या आत बंद करायचं, परत यायचं, एवढंच अकरा महिने चाललं होतं.

पुस्तिका काढून वाचली. "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते." त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: गाडी कठीण परिस्थितीत चालत असेल तर हे अंतर निम्मं धरावं. म्हणजे या गाडीचं ऑइल सहाव्या महिन्यातच बदलायला हवं होतं.

तारीख न बघता फक्त किलोमीटर मोजणं

पहिल्या ऑइलच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे, आणि ती काळजीपूर्वक गाडी वापरणाऱ्या माणसांकडूनच जास्त होते. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, असा आपला हिशोब असतो. ऑइलला तो लागू पडत नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचं पाणी होतं. शिवाय इंजिन थंड असताना त्याला पेट्रोल जास्त दिलं जातं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन नीट तापलं की दोन्ही उडून जातात. पण डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे. काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान दाखवतो, आणि ऑइल कूलंटपेक्षा उशिरा तापतं. पाच-सात मिनिटांच्या फेरीत ते तेवढं गरम होतच नाही. म्हणून पाणी आणि पेट्रोल आतच राहतं, ऑइल पातळ होतं, त्यातली रसायनं लवकर संपतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. डिपस्टिकवर पातळी कमी होत नाही, उलट वाढते, आणि माणूस निर्धास्त होतो. न भरता पातळी वाढत असेल तर ऑइलमध्ये काहीतरी मिसळतंय, हे पक्कं समजा.

"कठीण परिस्थिती" हे शब्द वाचून आपल्याला डोंगर, वाळवंट, शर्यती आठवतात. पुस्तिकेत त्याचा अर्थ बराच साधा असतो: सतत छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, उभ्या गाडीत इंजिन बराच वेळ चालू ठेवणं, वाहतुकीत तासन्‌तास रखडणं, मागे ट्रेलर ओढणं. यातलं एक जरी तुमचं रोजचं असेल, तर छोट्या अंतराची ओळ तुमच्यासाठीच छापलेली आहे. हायब्रिड गाडीवाल्यांनी जास्तच लक्ष द्यावं, कारण तिथे इंजिन मधेमधे बंद होतं आणि छोट्या फेरीत त्याला तापायला आणखी कमी वेळ मिळतो.

पांढऱ्या थराबद्दल एक खुलासा हवा, नाहीतर उगाच घाबरायला होईल. थर फक्त टोपणाला असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर ती साठलेली वाफ. ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल आणि कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये शिरत असण्याची दाट शक्यता आहे. मग इंजिन चालू करू नका, गाडी ओढून न्या.

हजार किलोमीटरला कारखान्याचं ऑइल काढून टाकणं

"नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा असतो, हजारला पहिलं ऑइल फेकून दे." हा सल्ला देणारी माणसं मनापासून देतात, आणि त्यांच्या काळात तो बरोबरच होता. तेव्हा सिलिंडर आणि रिंगा एकमेकांना घासूनच बसायच्या, चुरा खरोखर पडायचा, फिल्टर आजच्याइतके चांगले नसायचे. आता सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच अत्यंत बारीक आडव्यातिडव्या रेघा ओढून तिला जवळजवळ तयार स्थितीत आणतात आणि भाग धुऊन जोडतात. सुरुवातीला थोडा चुरा आजही पडतो, पण बहुतेक सगळा फिल्टरमध्ये अडकतो.

मग लवकर बदलावं की नाही? याचं उत्तर गाडीगणिक वेगळं आहे. होंडाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की ठरलेली वेळ येईपर्यंत पहिलं ऑइल बदलू नका. उलट बीएमडब्ल्यूच्या एम मालिकेतल्या गाड्यांना सुमारे २,००० किलोमीटरला रनिंग-इन सर्व्हिस (नवी गाडी रुळतानाची पहिली सर्व्हिस) लागते आणि तीत इंजिनाबरोबर डिफरन्शियलचंही (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचंही) ऑइल बदलतात. दोन्ही कंपन्यांना इंजिनं बनवायची चांगली समज आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावू नये, ते यासाठीच.

पुस्तिकेत मनाई नसेल आणि मनाच्या समाधानासाठी पाच हजारला बदलावंसं वाटत असेल, तर बदला. योग्य ग्रेडचं ऑइल घातलं तर इंजिनाचं नुकसान नाही. मात्र त्यामुळे ठरलेली सर्व्हिस टळत नाही, ती वेळेवर करावीच लागते.

काही हौशी लोक पहिल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतात आणि अहवाल बघून हादरतात: लोह जास्त, तांबं जास्त, सिलिकॉन तर भलतंच जास्त. नव्या इंजिनात हे अपेक्षित असतं. यातलं सिलिकॉन बहुतेक वेळा जोडकामात वापरलेल्या सीलंटचं असतं, धुळीचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बदलीत आकडे खाली येतात.

आणि रिंगा नीट बसाव्यात अशी खरी कळकळ असेल, तर ऑइलपेक्षा पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरचं चालवणं महत्त्वाचं. पूर्ण रेस करू नका, मोठ्या गिअरमध्ये इंजिन कण्हेपर्यंत गाडी ओढू नका, आणि तासन्‌तास एकाच वेगात चालवू नका. वेग बदलता ठेवा.

पहिली सर्व्हिस म्हणजे ऑइल बदललं असं गृहीत धरणं

काही कंपन्या हजार किलोमीटरच्या किंवा एका महिन्याच्या आसपास गाडी तपासणीसाठी बोलावतात. बऱ्याचदा त्यात ऑइल फक्त बघतात, बदलत नाहीत. बिलावर किंवा जॉब कार्डवर ऑइल आणि फिल्टर अशा वेगळ्या नोंदी नसतील, तर ते बदललेलं नाही.

वाट बघताना पातळी न बघणं

रिंगा पूर्ण बसेपर्यंत नवं इंजिन थोडं ऑइल पिऊ शकतं. दहा हजारला बदलायचंय म्हणून तोवर बोनेटच न उघडणं हे धोक्याचं आहे. दर हजार किलोमीटरला, आणि लांबच्या प्रवासाआधी, डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन तापवून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून मगच मोजायचं. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे पडद्यावरच्या मेन्यूत जाऊन पातळी बघावी लागते.

डॅशबोर्डवर लाल कॅनचं चित्र लागेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. तो दिवा ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो, पातळीचं नाही. तो चालत्या गाडीत लागला तर लगेच सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "एवढं घरापर्यंत जाऊ" हा विचार करू नका, त्यात इंजिन जातं.

पहिल्याच बदलीत ग्रेड बदलणं

०डब्ल्यू-२० या ग्रेडचं ऑइल हातावर पाण्यासारखं वाटतं, म्हणून "जरा जाड घाला" असं सांगायचा मोह होतो. तो आवरा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सियसला ते किती दाट राहतं ते. इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळं ठरावीक दाटपणा धरूनच बनवलेलं असतं. आकड्याबरोबर डब्यावरचा दर्जाही जुळवा. विशेषतः डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत कमी राख होणारंच ऑइल लागतं, नाहीतर तो फिल्टर हळूहळू चोंदतो. नव्या इंजिनात फ्लशिंगचं (इंजिन आतून धुण्याचं) रसायन किंवा वरून घालायचं ॲडिटिव्ह यांची अजिबात गरज नाही.

ऑइल काळं पडलं म्हणून घाईने बदलू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे, आणि डिझेल इंजिनात तर नवं ऑइलही फार लवकर काळं होतं.

बदलून आल्यावर काहीतरी बिनसलं तर

माझ्या स्वतःच्या गाडीची पहिली ऑइल बदली झाली त्याच संध्याकाळी मी पट्टी बघितली, तर ऑइल वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर. डब्यातलं सगळंच ओतून टाकलं होतं. जास्त ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, असं नसतं. क्रँकशाफ्ट त्यात आपटत फिरतो, ऑइलला फेस येतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. मी गाडी परत नेली आणि समोर उभं राहून जादाचं काढायला लावलं. तेव्हापासून सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेर पडायच्या आधी पट्टी बघितल्याशिवाय मी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली थेंब दिसले तर दोन जागा आधी बघा. पहिली ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट: तिथला वॉशर दर वेळी नवा लागतो. जुनाच ठेवून बोल्ट जोर लावून आवळला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे जातात. दुसरी फिल्टर: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर आधी ठीक वाटतं आणि मग दाबाने एकदम ऑइल फेकलं जातं. थेंब सतत पडत असतील तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

ऑइल नवं असूनही "सर्व्हिस करा" असा संदेश येत राहिला तर बहुधा मोजणी रिसेट करायची राहिली आहे. बहुतेक गाड्यांतली ही यंत्रणा ऑइल तपासत नाही. इंजिन कितीदा सुरू झालं, किती तापलं, किती फिरलं, यावरून अंदाज बांधते. म्हणून ती ऑइल न बदलताही शून्यावर आणता येते. नुसता संदेश गेला म्हणजे काम झालं असं समजू नका.

बिल जपून ठेवा. त्यावर तारीख, ओडोमीटरचा आकडा, ऑइलचा ग्रेड आणि दर्जा, किती लिटर घातलं आणि फिल्टर नवा आहे हे लिहून घ्या. बाहेर किंवा घरी बदलत असाल तर ऑइल आणि फिल्टर घेतल्याच्या पावत्याही त्याच फाइलमध्ये ठेवा. वॉरंटीत इंजिनाचा प्रश्न निघाला तर पहिली मागणी या कागदांचीच होते. वडिलांच्या गाडीत आता स्टिअरिंगच्या बाजूला एक चिकटपट्टी आहे. तिच्यावर किलोमीटरचा आकडा नाही, फक्त पुढच्या बदलीची तारीख आहे, सहा महिन्यांनंतरची.