धडधड सुरू असतानाच पकडा: हातातल्या ईसीजी यंत्राची नीट नोंद

छातीत धडधडतं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत थांबतं आणि तिथला ईसीजी नॉर्मल येतो. खिशात मावणारं यंत्र खरं उपयोगी पडतं ते इथेच.

रंकाळ्याला फेरी मारून आल्या आल्या बोटं ठेवू नका. आधी पाच मिनिटं टेकून बसा. मात्र धडधड सुरूच असेल तर वाट बघत बसू नका. यंत्र टेबलावर, कोपरंही टेबलावर. डावं बोट डाव्या पट्टीवर, उजवं उजव्या. अदलाबदल झाली तर आलेख उलटा येतो. ३० सेकंद बोलणं, खोकणं बंद. जोरात दाबलं की स्नायूंची थरथर रेघेत उतरते आणि यंत्र खुशाल ‘अनियमित’ सांगून मोकळं होतं. फडात, गुऱ्हाळात काम करून राठ झालेली बोटं पाण्याने किंचित ओली करा. रश्श्याचं तेल साबणाने काढा. मोबाइल चार्जिंगवरून काढा, नाहीतर विजेच्या ५० हर्ट्झची बारीक दातेरी किनार रेघेवर चढते.

यंत्राच्या शेऱ्यापेक्षा आलेखाची पट्टी बघा. नेहमीच्या सेकंदाला २५ मिमी वेगाला मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. कोऱ्या कागदाची कड धरून लागोपाठच्या तीन-चार उंच टोकांवर खुणा करा आणि कागद पुढे सरकवा. खुणा जुळताहेत, मध्येच एक ठोका लवकर येऊन मागे पोकळी राहते? बहुधा तो जादा ठोका. एखाददुसरा धडधाकट माणसातही दिसतो. खुणा कुठेच जुळत नाहीत आणि टोकाआधीचा छोटा ‘पी’ उंचवटाही गायब, तर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरण्याचा, संशय घ्या. यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, तेव्हा पट्टी लवकर डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून नको. गती काढायला ३० सेकंदांतली टोकं मोजून दुप्पट करा.

पीडीएफ जपा, शेजारी वेळ, त्रास आणि चालू गोळ्या लिहा. स्मार्ट घड्याळाचा हिरवा प्रकाश फक्त नाडी बघतो, त्याच्या इशाऱ्यानंतर ईसीजी हवाच.

त्रास रोजचा असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) बरा. लावण्याआधी अंघोळ उरका, कारण नंतर तो भिजवता येत नाही.

छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं असेल तर यंत्र बाजूला ठेवा. ‘नॉर्मल’ लिहून आलं तरी हार्ट अटॅक नाही असं त्यातून ठरत नाही. १०८ ला फोन लावा, कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचं हृदयरोगाची सोय असलेलं रुग्णालय गाठा.