अंटार्क्टिकाच्या जहाजावर राहायचंय? सुरुवात बुटांपासून

भारतीय मोहिमेचं जहाज बहुधा केपटाऊनहून सुटतं, पण कटकटीचं काम ठाण्यातच उरकून घ्यावं लागतं. येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर वापरलेले बूट आणि सॅक तशीच नेऊ नका. शिवणीत, खिशांच्या कोपऱ्यांत आणि सगळ्यात जास्त वेल्क्रोत आघाड्याचं बी, गवताची कुसळं अडकलेली असतात. वेल्क्रो चिमट्याने वेचा. तळव्याच्या खाचांतली माती दाभणाने काढा, साबण लावून टूथब्रशने घासा आणि कडकडीत वाळवा. जहाजावर पुन्हा तपासणी होते. हा फाजील सोवळेपणा नाही: पोआ अॅनुआ हे बाहेरून आलेलं साधं गवत अंटार्क्टिक द्वीपकल्पावर रुजलेलं आहे. उपकरणांच्या खोक्यांत थर्माकोलचे मणी भरू नका, १९९१च्या माद्रिद करारानुसार त्यांना बंदी आहे. जुने धुतलेले टॉवेल कोंबा.

४० ते ६० दक्षिण अक्षांशांत वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही. त्यात बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा तळ गोलसर असतो, म्हणून ते साध्या जहाजापेक्षा जास्त डोलतं. समुद्र लागू नये म्हणूनची गोळी डॉक्टरांना विचारून, लाटा सुरू होण्याआधी घ्या. उलट्या लागल्या की ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते, तेव्हा डेकवरच्या पाळीआधी घेऊ नका. पोट रिकामं ठेवलं तर मळमळ वाढते. खाखरा, कुरमुरे, आलेपाक थोडं थोडं खा. पडून राहायचं तर जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावे कमी.

बंकवरून घरंगळू नये म्हणून गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सरकवा, म्हणजे अंग भिंतीकडे टेकून राहतं. लॅपटॉपखाली ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळी घाला. ठाण्यात जांभळी नाक्यावर मिळते. चालताना एक हात कायम कठड्याला. दार धरायचं ते हँडलने. चौकटीत बोटं ठेवली आणि जहाज कललं, तर पोलादी दार बोटं चेचतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला, की गरम कपडे, लाइफ जॅकेट घ्या आणि ठरल्या जागी हजर व्हा.

पाणी समुद्राचंच गोडं केलेलं असतं, अंघोळ आटोपशीर ठेवा. समुद्रात खोलवर उपकरण सोडायची पाळी रात्री दोनलाही येते, म्हणून झोप मिळेल तेव्हा घ्या. बर्फात शिरल्यावर डोलणं थांबतं, पण बर्फ घासल्याचा आवाज सुरू होतो आणि उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. कानांत घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी बॅगेत तळाशी नको, वरच ठेवा.