फरशी गरम, तरी न्हाणीघरात थंडी वाजते? जोडीला हीटर कसा निवडावा

ग्वाल्हेरला जानेवारीत कोहरा उतरला की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही आणि पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. लष्कर भागातल्या आमच्या घरी आईसाठी न्हाणीघर नव्यानं केलं, तेव्हा टाइलखाली विजेवर तापणारी चटई टाकून घेतली. तिच्या पायांना सुख झालं, फरशी लवकर सुकू लागली, घसरण्याची धास्ती कमी झाली. पण अंग पुसताना आई कुडकुडायचीच. चटईत दोष नव्हता, ती देऊ शकते तेवढी ऊब देत होती. म्हणून बाजारात जाण्याआधी तूट किती आहे ते मोजा.

फरशीची फक्त मोकळी जागा धरा, कारण कमोडखाली किंवा बेसिनच्या कपाटाखाली चटई घालत नाहीत. पाच बाय आठ फुटांच्या न्हाणीघरात अशी जागा जेमतेम २ चौरस मीटर निघते. बहुतेक चटया चौरस मीटरला १५० वॉटच्या असतात, म्हणजे ३०० वॉट. थर्मोस्टॅट वाढवून ही तूट भरत नाही. युरोपीय मानकात न्हाणीघराच्या फरशीला ३३ अंशांची मर्यादा आहे, त्यापुढे पायांनाच नको होतं.

आता उष्णता जाते किती ते पाहू. आत २४ अंश हवेत आणि बाहेर ७ आहेत, तर फरक १७ अंशांचा. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशामागे साधारण २ वॉट बाहेर जातात. उघड्या स्लॅबमधून ३. बाहेरची ७ चौरस मीटर भिंत २३८ वॉट नेते, ३.७ चौरस मीटर स्लॅब १८९. खिडकी आणि फटींतून शिरणाऱ्या गार हवेचे दीडशे मिळवा. एकूण ५८० च्या आसपास. चटईचे ३०० वजा केले की तूट २८० वॉटची. न्हाणीघरावर दुसरा मजला असेल तर ती बरीच कमी होईल.

यातला खिडकीचा भाग जवळजवळ फुकटात वाचतो. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला आतून काढता-घालता येईल असं ॲक्रिलिकचं पान बसवा आणि एक्झॉस्ट आंघोळ झाल्यावर चालवा. मात्र आत गॅसचा गीझर असेल तर खिडकी बंद करू नका. आधी तो गीझर बाहेर हलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. कोळशाची शेगडी न्हाणीघरात नेण्याचंही हेच. थंडी कितीही असो, ती नेऊ नका.

मग न्हाणीघर कसं वापरता ते ठरवा. घरात पाच-सहा माणसं असून सकाळभर आंघोळी चालत असतील, तर ३०० ते ४०० वॉटची टॉवेल रेल, म्हणजे टॉवेल टांगायची विजेवर तापणारी दांडी, पुरते. तासभर आधी लावावी लागते, आणि तिच्यावर जाड टॉवेल घातले की खोलीला मिळणारी ऊब घटते, हे धरून चला. ६०-१०० वॉटची छोटी रेल टॉवेल कोरडे करते, खोली तापवत नाही.

एकाच माणसाची पंधरा मिनिटांची आंघोळ असेल तर भिंतीवरचा इन्फ्रारेड हीटर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो हवा तापण्याची वाट पाहत नाही, ऊब सरळ अंगावर येते. आम्ही आधी ब्लोअर आणला होता. खोली त्यानं झटपट तापली, पण ओल्या अंगावर वारा लागला की गारवा जास्तच जाणवतो. म्हणून ब्लोअर आंघोळीआधीच चालवावा. चाकांचा ऑइल हीटर सुरू होऊन तापायलाच वेळ घेतो, शिवाय त्याची वायर ओल्यात लोळते. तो न्हाणीघरात न आणता झोपायच्या खोलीतच ठेवा.

फरशीतून गरम पाणी फिरवणारी यंत्रणा असेल तर हिशेब वेगळा. तिथे पाणी ३५-४५ अंशांचं असतं, तर रेडिएटरवर (आतून गरम पाणी फिरून तापणाऱ्या भिंतीवरच्या हीटरवर) छापलेले वॉट ७५ अंशांच्या पाण्याचे. त्याच पाण्यावर टॉवेल रेडिएटर जोडला तर जेमतेम पाव हिस्सा ऊब मिळते. अशा वेळी विजेचा रॉड असलेलाच घ्या.

वायरिंगला कुठेही काटकसर नको. हीटरवर निदान आयपीएक्स ४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याची खूण) लिहिलेलं हवं. तो शॉवरच्या जागेपासून ६० सेंटिमीटरपेक्षा दूर, ओल्या हाताला न लागेल इतका उंच हवा. बटण दाराबाहेर घ्या. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. गीझर २०००, चटई ३००, हीटर १००० मिळून ३३०० वॉट, म्हणजे १४ ॲम्पियरच्या वर. गीझरच्याच प्लगवर हे सगळं लादू नका, हीटरला वेगळी लाइन ओढा.

मिस्त्रीला फरशीत ड्रिल मारू देऊ नका. आधाराची दांडी भिंतीतच बसवा. बसायला सपाट पाट ठेवला की त्याखाली उष्णता कोंडते, म्हणून पायांचं स्टूल घ्या.

आईची आंघोळ साडेसहाला असते. चटई टायमरवर पाचला सुरू होते, हीटर मी सहा पंचवीसला लावतो आणि ती कपडे घालून बाहेर आली की बंद करतो. चटईला दीड तासात ०.४५ युनिट, हीटरला वीस मिनिटांत ०.३३. पाऊण युनिटच्या जरा वर.