नदीकाठची सूक्ष्मास्त्रे कशी ओळखावीत आणि नोंदवावीत

शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या अश्मयुगीन माणसांचा माग मुंबईच्या किनाऱ्यालगत काय किंवा कृष्णाकाठी काय, बहुतेक वेळा नखाएवढ्या दगडी पात्यांवरूनच काढावा लागतो. ही सूक्ष्मास्त्रे साधारण १ ते ४ सेंटिमीटर लांब असतात. लाकडी किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडून ती डिंकाने बसवत. दांडा कधीच कुजून गेलेला असतो.

सातारा-सांगलीकडे उसाच्या खोल काळ्या रानात शोधत बसू नका. तिथे गाळ साचलेला असतो, शिवाय उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत वरची वस्तू खाली जाते. येरळा, माणगंगा, अग्रणी यांच्या काठचे नदीपेक्षा जरा उंच असलेले बरड माळ, ओघळींनी कापलेले काठ आणि ओढा नदीला मिळतो त्या जागा आधी बघा. वळवाचा पाऊस होऊन गेला की माती धुतलेली असते. सकाळच्या किंवा उतरत्या तिरप्या उन्हात पात्याची धार चटकन दिसते. दोघांनी ५ मीटर अंतर ठेवून, एकाच दिशेने, सावकाश चालावे.

इथला काळा पाषाण या कामाला भरड पडतो. म्हणून त्याच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी, अकीक, लालसर जास्पर असे काचेसारखे फुटणारे दगड वापरले जात. संशयित तुकडा नखावर आडवा धरा. घाव बसला त्या टोकाशी सपाट बारीक जागा, तिच्या लगेच खाली फुगवटा, आणि पाठीवर एक-दोन सरळ समांतर कणे दिसले तर ते माणसाने काढलेले पाते. गाभा, म्हणजे ज्यावरून पाती काढली तो मूळ दगड, सापडला तर फारच उत्तम. त्यावर पाती सुटल्याच्या उभ्या खोबणी एकीशेजारी एक असतात.

फसगत इथेच होते. रोटाव्हेटरखाली फुटलेल्या गारगोटीलाही धार येते, पण ती फूट ताजी आणि चकचकीत असते. जुना पृष्ठभाग मंद दिसतो, कधी त्यावर चुन्याचा थर असतो. पाचट पेटवल्यावर दगड पांढुरके पडून तडकतात, त्यांना जुनी चूल समजू नका. एकच तुकडा मिळाला तर घाई नको. पाती, गाभे, छिलके (दगड फोडताना उडालेल्या कपच्या) एकत्र हवेत. सोबत खापरे असतील तर काळ मध्याश्मयुगाच्या, म्हणजे अश्मयुगातल्या ज्या टप्प्याची ही सूक्ष्मास्त्रे मुख्य ओळख आहेत त्याच्या, नंतरचाही असू शकतो, कारण ताम्रपाषाणयुगातही, म्हणजे दगडासोबत तांबे वापरात आल्यावरही, अशी पाती बनत.

उचलण्याआधी नोंद करा, कारण जागा हरवलेल्या पात्यावरून फारसे काही सांगता येत नाही. जमीनमालकाची परवानगी घ्या. दोरीने १ मीटर × १ मीटर चौकोन आखा, त्यातले तुकडे मोजा, पट्टी ठेवून वरून फोटो काढा. मोबाईलचे स्थान काही मीटर चुकते, म्हणून विहीर किंवा विजेच्या खांबापासून टेपने अंतर घ्या आणि गट नंबर लिहा. नोंदीची चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते.

खणू मात्र नका. उत्खननाला परवाना लागतो, आणि ज्वारीच्या दाण्याएवढा माशाचा मणका मिळवायचा तर माती १-२ मिलिमीटरच्या जाळीतून पाण्याखाली चाळावी लागते. फावड्याच्या घावात तो जातोच. नोंदी आणि फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा.