कुंभाराच्या अंगणात शेकडेवारी कशी शिकवावी

मुलांना रांगेनं कित्तूरचा किल्ला दाखवून आणला की वर्गाबाहेरचं शिक्षण झालं, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती सहल. तीही हवी, पण तिच्यात गणित सुटत नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की हस्तव्यवसायातूनच बाकीचे विषय शिकवावेत. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी सातवीची शेकडेवारी कुंभाराच्या अंगणात शिकवते.

१. शनिवारची सकाळ धरा, तीही दिवाळीनंतरची. आमच्याकडच्या पावसात माती वाळत नाही. कुंभाराला त्याची सोय आधी विचारा आणि मातीचे पैसे द्या.

२. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटानं बोटभर जाडीची मातीची पट्टी थापायची, तिच्यावर खिळ्यानं बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची, नावं कोरायची. पट्ट्या सावलीतच वाळवा.

३. आता कुंभाराशी बोलणं. अडतं ते इथे.

पहिली दोन वर्षं मी ही वेळ वाया घालवली. कुंभार आज्जा कन्नडमधून सांगायचे आणि मी वाक्यागणिक मराठी करायचे. मुलं माझ्या तोंडाकडे बघत उभी. चाकाकडे कुणाचं लक्ष नाही. परत येऊन वह्या बघितल्या तर सगळ्यांत वाक्यं माझीच. ही मुलं शाळेत कन्नड शिकतात, पेपरात मार्कही मिळवतात, पण दुकानात गेली की मान खाली घालून नुसतं बोट दाखवतात. त्यांची ती भीड मी दर खेपेला आणखी घट्ट करत होते.

तेव्हापासून दुभाषी व्हायचं सोडलं. आदल्या दिवशी पाचच शब्दांची उजळणी घेते: मण्णु म्हणजे माती, नीरु पाणी, एष्टु किती, याके का, यावाग केव्हा. प्रश्न मुलांचे. छापील प्रश्नावली देऊच नका. ती हातात पडली की मुलं माणसाला सोडून रिकाम्या जागा भरत बसतात.

पहिली काही मिनिटं कुणीच बोलत नाही. ती शांतता सोसवत नाही, जीभ वळवळते. तरी मोडायची नाही. मी लांब, लाकडांच्या ढिगापाशी जाऊन बसते. एकदा वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीनं वाळत्या मडक्याकडे बोट करून विचारलं, “नीरु एल्ली होयतु?” पाणी कुठं गेलं? आज्जांनी तिच्या एका हातात ओला गोळा दिला, दुसऱ्या हातात वाळलेला. मातीच्या कणांमधलं पाणी उडून जातं, कण जवळ सरकतात, म्हणून माती आटते. मला हे फळ्यावर समजावायला अख्खा तास लागला असता.

४. आठवड्यानं रेघ मोजा. ९.२ सेंटिमीटर भरली तर ८ टक्के घट. एखाद्या गटाची ७ येईल, एखाद्याची ९. सरासरी काढून गप्प बसवू नका. कुणी माती जास्त ओली घेतली होती, हे त्यांचं त्यांनाच शोधू द्या.

५. मग उलटं गणित घाला: वाळल्यावर २३ सेंटिमीटर रुंद झाकण हवं, तर ओलं केवढं करायचं? जवळजवळ सगळी मुलं २३ चे ८ टक्के काढून त्यात मिळवतात आणि २४.८४ सांगतात. चूक म्हणून फुली मारू नका. त्याच मापातून ८ टक्के वजा करायला लावा. २२.८५ येतं, म्हणजे झाकण दीड मिलिमीटरनं लहान. घट ओल्या मापावर धरायची असते, हे तिथं त्यांच्या ध्यानात येतं, आणि २३ ला ०.९२ नं भागून २५ येतात तेव्हा कुणी ‘का भागायचं?’ विचारत नाही.

६. पट्ट्या पुढच्या भट्टीत टाकायला आज्जांकडे द्या आणि भाजून आल्यावर पुन्हा मोजा. कधी रेघ आणखी किंचित आखूड भरते, मग मागचं उत्तर चुकलं असं वाटून मुलं खोडरबर काढतात. खोडू देऊ नका. दोन्ही मापं तारखेसह एकाखाली एक लिहून घ्या.